उलार गाडी



ज्या वर्षी ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्सवर ५० टक्के सूट जाहीर होते, त्या वर्षी आपल्या ओळखीतल्या दोन-तीन घरी तरी नवी गाडी येतेच. मग आठवड्याभरात सीट कव्हर, मॅट, डॅशबोर्डवर गणपती. आणि घरात विशीतला मुलगा असेल तर मागे डिकीवर एक पंख. दुकानदार त्याला स्पॉयलर म्हणतो आणि सांगतो की यामुळे गाडी रस्त्याला चिकटून चालते. गेल्या मेळ्यानंतर मला अशा दोन घरांतून फोन आले. लावू का?

मी दोघांनाही उलटा प्रश्न विचारला. गाडी चिकटते म्हणजे कुठली बाजू चिकटते, पुढची की मागची?

त्यावर दोन्हीकडे शांतता. हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, पण रेसिंग गाड्या बनवणाऱ्यांचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. म्हणून या वेळच्या सदरात तोच विषय घेतो. शिवाय यंदा तो आमच्या घरातही शिरला आहे, आणि तिथे मामला शोभेच्या पंखाचा नव्हता.

ताईचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या कॉलेजची पोरं फॉर्म्युला स्टुडंट प्रकारची छोटी रेसिंग गाडी बनवतात. एका माणसाची, उघड्या चाकांची, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली. कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर होत आलेली ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धा हे अशा सगळ्या पोरांचं पंढरपूर. आमचे चिरंजीव टीममध्ये नुसते नट-बोल्ट आवळत नाहीत, गाडी चालवणारे दोघे आहेत त्यातला एक तेच. ताईचा जीव टांगणीला लागतो तो यामुळे.

एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. “मामा, मागचा विंग तयार आहे. पुढच्याचा साचा फुटला, तो काही वेळेत होत नाही. मागचाच लावून टेस्टिंग करू का? निदान निम्मा तरी डाउनफोर्स मिळेल.”

माझी पदवी बी.ई. मेकॅनिकलची आणि पोट सॉफ्टवेअरवर, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसारखाच. तरी ‘निदान निम्मा’ हे शब्द ऐकले आणि झोप उडाली. निम्मा डाउनफोर्स म्हणजे निम्मा फायदा, असा हिशोब इथे चालत नाही. कधी कधी निम्म्यापेक्षा शून्य बरं असतं. का, ते सांगतो.

आधी डाउनफोर्स म्हणजे काय ते पाहू. आपण ग्वाल्हेरकर या बाबतीत नशीबवान आहोत. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर १९८५ पासून मिराज २००० आहेत, आणि वर्गात बाईंचं वाक्य मिराजच्या आवाजात बुडालं की त्या थांबून पुन्हा म्हणतात, हे बघतच आपण मोठे झालो. विमानाचा पंख हवेला खाली लोटतो आणि त्या बदल्यात हवा विमानाला वर उचलते. हाच पंख उलटा करून गाडीवर बसवा. आता तो हवेला वर लोटतो आणि हवा गाडीला खाली दाबते. हा दाब म्हणजे डाउनफोर्स.

दाबाचा उपयोग टायरला होतो. टायरवर जितका भार जास्त तितकी त्याची रस्त्यावरची पकड जास्त. मग गाडीत सिमेंटची पोती का टाकू नयेत? कारण वळणावर ती पोतीही वळवावी लागतात, ब्रेक मारताना ती थांबवावी लागतात. हवेच्या दाबाला असं वस्तुमान नसतं. टायरला भार मिळतो आणि वळवायला जास्तीचं काहीच नसतं. एफ-वन गाडी ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास स्वतःच्या वजनाइतका डाउनफोर्स तयार करते. म्हणून ती ज्या वेगात वळते त्या वेगात आपली गाडी शेतात गेली असती.

आणखी एक गोष्ट. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की दाब चौपट. त्यामुळे ताशी ३० ला तो जाणवतही नाही आणि १२० ला गाडीचा स्वभाव बदलून टाकतो. स्वभाव बदलतो हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तांग्याकडे वळू. हसू नका. लश्करातल्या आपल्या आधीच्या पिढीने बाड्यावरून स्टेशनपर्यंत तांग्यात बसून जो एरोडायनॅमिक्सचा धडा घेतला, तो मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये इतका स्पष्ट मिळाला नाही. तांग्याला दोनच चाकं. पुढे तांगेवाल्याशेजारी सवारी, मागे पाठमोऱ्या सवाऱ्या. मागे वजन जास्त झालं की तांग्याच्या दांड्या वर उचलल्या जातात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणला जातो आणि घोड्याचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत. याला शब्द ‘उलार’. मराठीत बैलगाडी उलार होते आणि इथल्या हिंदीतही तांगा उलारच होतो. मग तांगेवाला मागे वळून म्हणणार, “भैया, ज़रा एक जन आगे आ जाओ, उलार हो रहा है.” पुढे फार जड झालं तर घोड्याच्या पाठीवर ओझं पडतं, तेही वाईट. एकूण सवाऱ्या तेवढ्याच, भाडंही तेवढंच. प्रश्न फक्त कोण कुठे बसलं याचा.

भाच्याला मी हेच सांगितलं. तुझा मागचा विंग म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे बसलेली सवारी आहे. गाडी उलार होणार.

तो आजच्या पिढीचा. म्हणाला, “आकडे द्या.” बरोबरच आहे. म्हणून आम्ही फोनवरच गणित मांडलं. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या, आठवीच्या तरफेपलीकडचं काही नाही.

त्यांची गाडी चालकासह २८० किलोची. त्यातले ४७ टक्के पुढच्या चाकांवर, म्हणजे पुढे १३२ आणि मागे १४८ किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर १.५५ मीटर. त्यांच्या हिशोबाप्रमाणे मागचा विंग ताशी ६० ला २५ किलोचा दाब देणार. विंग मागच्या अ‍ॅक्सलच्या ३१ सेंटिमीटर मागे, म्हणजे चाकांतल्या अंतराच्या बरोबर एक पंचमांश. आता मागचं अ‍ॅक्सल हा टेकू समजा. टेकूच्या मागे २५ किलो दाबले की पुढची बाजू २५ च्या एक पंचमांशाने, म्हणजे ५ किलोने उचलली जाते. मागच्या चाकांवर ३० येतात. ३० वजा ५, झाले २५. हवेने दिलेले तेवढेच, पण त्यांची वाटणी बघा.

इथे संपलं असतं तर ठीक होतं. पण विंग वाऱ्याला अडवतोही. समजा ८ किलोचा अडथळा. विंग जमिनीपासून साधारण एक मीटर उंच आहे, म्हणजे वारा गाडीला तिच्या डोक्याजवळ धरून मागे ढकलतो आहे. त्याने आणखी ५ किलो पुढून उचलून मागे जातात. एकूण पुढे १० किलो कमी, मागे ३५ जास्त.

आता वेग वाढवू. ताशी ९० म्हणजे वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. पुढच्या चाकांवर १३२ चे १०९ राहिले आणि मागच्यांवर १४८ चे २२७ झाले. म्हणजे ज्या चाकांनी वळायचं त्यांची पकड गेली आणि जी नुसती मागून येतात त्यांची वाढली. वळणात शिरताना स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जात राहणार. याला अंडरस्टीअर म्हणतात. उलट मागची चाकं आधी सुटली की शेपूट बाहेर येतं, गाडी गिरकी घेते, ते ओव्हरस्टीअर.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग हळूच, “मामा, म्हणजे विंग लावून गाडी हळू होईल?”

वळणावर, हो. आणि असं म्हणणारे आपण पहिले नाही. १९७१ साली अमेरिकेत फिनिक्सच्या ट्रॅकवर डॅन गर्नी आपल्या इंडी गाडीचं टेस्टिंग करत होता, चालवत होता बॉबी अन्सर. वेग काही केल्या वाढेना. गर्नीने मागच्या विंगच्या कडेला पत्र्याची एक छोटी उभी पट्टी बसवली. अन्सर फेऱ्या मारून आला, वेळ तेवढीच. बघणाऱ्यांना वाटलं, पट्टी फुकट गेली. अन्सरने गर्नीला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की मागची बाजू आता इतकी जबरदस्त चिकटते आहे की पुढची तिला पुरी पडत नाही, गाडी वळणात पुढे सरकते. पट्टी उत्तम चालत होती. कमी होती ती पुढच्या बाजूने तिला साथ देण्याची. पुढे ती भरून काढली आणि ही पट्टी ‘गर्नी फ्लॅप’ म्हणून जगभर गेली. मला ही हकीकत फार आवडते. घड्याळ म्हणत होतं काही फरक नाही, आणि गाडीत बसलेला माणूस सांगत होता की खूप फरक आहे, फक्त एकाच बाजूला.

मग समतोल म्हणजे पुढे-मागे निम्मं-निम्मं का? तसंही नाही. वजन जसं वाटलेलं आहे, साधारण तसाच हवेचा दाब वाटलेला हवा. गाडीचं ४७ टक्के वजन पुढे असेल तर दाबाचाही तेवढाच, किंवा किंचित कमी वाटा पुढे. किंचित कमी का, याचं उत्तर बाणात आहे. बाणाची पिसं मागे असतात, जड टोक पुढे. वारा मागच्या बाजूला जास्त धरतो, म्हणून बाण वाकडा झाला तरी आपोआप सरळ होतो. पिसं पुढे लावलीत तर तो हवेत उलटेल. हवेच्या दाबाचं केंद्र वजनाच्या केंद्राच्या थोडं मागे असलं की वाहन स्वतःहून शहाण्यासारखं वागतं.

आपल्या मिराज २००० ने मात्र हा नियम मुद्दाम सैल केला. आधीचं मिराज ३ बाणासारखं स्थिर होतं, पण त्यामुळे नाक वर उचलायला त्याला बरीच ताकद वाया घालवावी लागे. मिराज २००० मध्ये ती स्थिरता कमी ठेवली आणि सांभाळायचं काम कॉम्प्युटरवर सोपवलं. वैमानिक दांडा हलवतो तो कॉम्प्युटरला सांगण्यासाठी, पृष्ठभाग कॉम्प्युटर हलवतो, सेकंदाला कितीतरी वेळा. रेसिंग गाडीत असा कॉम्प्युटर लावायला नियम परवानगी देत नाहीत. तिथे कॉम्प्युटर म्हणजे हेल्मेटमधला माणूस. त्याच्या हाताला जितकं सांभाळता येईल तितकाच समतोल पुढे नेता येतो. वेगवान चालकांना गाडीचं नाक तीक्ष्ण लागतं म्हणतात ते हेच, पण प्रत्येकाची मर्यादा वेगळी.

२०११ मध्ये मी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली एफ-वन शर्यत झाली. यमुना एक्सप्रेसवे तेव्हा सुरू झालेला नव्हता. आम्ही चौघं मित्र ग्वाल्हेरहून रेल्वेने दिल्लीला आणि तिथून पुढे बसने धक्के खात पोचलो. शुक्रवारी पहिल्याच सरावात ट्रॅकवर एक कुत्रं आलं आणि सत्र थांबवावं लागलं, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ते सोडा. त्या ट्रॅकची रचना या विषयासाठी मस्त आहे. पाच किलोमीटरपेक्षा थोडा लांब, १६ वळणं. तिसऱ्या आणि चौथ्या वळणात एक किलोमीटरपेक्षा लांब सरळ रस्ता, आणि पुढे दहाव्या-अकराव्या वळणाचा तो लांबच लांब उजवा झोका. सरळ रस्त्याला कमी विंग हवा, झोक्याला भरपूर. टीमने सरळ रस्त्यासाठी मागचा विंग चपटा केला की लगेच पुढचाही कमी करावा लागतो, नाहीतर झोक्यात शेपूट सुटणार. एक आकडा हलवला की दुसरा हलवायचाच.

त्या वर्षी आणखी एक गंमत होती. टायर पुरवणारी कंपनी नवी, पिरेली. नव्या टायरला कुठली वजनाची वाटणी मानवेल याचा अंदाज एखाद्याच टीमला लागून ती सुटू नये, म्हणून नियमानेच वाटणी बांधून टाकली. गाडीचं किमान वजन ६४० किलो, त्यात पुढच्या चाकांवर किमान २९१ आणि मागच्यांवर किमान ३४२. बेरीज करा, ६३३. म्हणजे खेळायला उरले ७ किलो! वजन हलवायची सोय नाही, मग समतोल साधायचा तो हवेनेच. पिट स्टॉपमध्ये टायर बदलताना एखादा मेकॅनिक नाकापाशी वाकून पुढच्या विंगचा स्क्रू थोडासा फिरवताना दिसतो, तो हेच करत असतो. पेट्रोल कमी झालं, टायर झिजले, गाडीचा स्वभाव बदलला, की विंग किंचित वर-खाली.

आणि २०११ पासूनच डीआरएस आलं. सरळ रस्त्यावर मागच्या विंगची वरची पाटी उघडायची, वाऱ्याचा अडथळा कमी, वेग जास्त. उघडल्यावर मागचा दाब जातो, पुढचा तसाच राहतो. म्हणजे आमच्या भाच्याच्या गाडीच्या बरोबर उलट, हिचं नाक जड. सरळ जाताना चालून जातं. पण चौथ्या वळणाच्या तोंडाशी तीनशेवरून ब्रेक मारायच्या आत पाटी बंद झालीच पाहिजे. ती बंद नाही झाली तर काय होतं हे २०१८ मध्ये मोन्झाला दिसलं. शुक्रवारच्या सरावात मार्कस एरिक्सनच्या साउबरची पाटी उघडीच राहिली, ब्रेक लागताच मागची चाकं सुटली, गाडी कठड्यावर आदळून कोलांट्या खात गेली. एरिक्सन चालत बाहेर आला, हे आजच्या गाड्यांच्या मजबुतीचं श्रेय.

(त्या रविवारी वेटेल जिंकला, सगळ्या फेऱ्या आघाडीवर राहून. आपला नारायण कार्तिकेयन सतरावा आला. त्या दिवशी तो पहिल्यापेक्षा कमी वाटला नव्हता.)

आता थोडं भीतीचं. कारण समतोल चुकला तर नुसती फेरी हळू होते असं नाही. १९६९ मध्ये स्पेनमधल्या मोंजुइकला लोटसच्या गाड्यांवर काठ्यांवर उभे केलेले उंच विंग होते. एका चढाच्या माथ्यावर ग्रॅहम हिलचा मागचा विंग मोडला, काही फेऱ्यांनी त्याच जागी योखेन रिंटचा मोडला, आणि तो येऊन हिलच्या मोडक्या गाडीवर आदळला. विंगचा दाब एका क्षणात नाहीसा झाला तर मागची चाकं त्याच क्षणी मोकळी होतात. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीत असे उंच विंग बंद झाले.

दुसरी घटना १९९९ ची, ल मान्सची. मर्सिडीजची सीएलआर गाडी. मार्क वेबर तिच्यात आधी गुरुवारच्या सत्रात आणि मग शनिवारी सकाळी, असा दोनदा हवेत उडाला. टीमने पुढच्या बाजूला छोटे पंख जोडले आणि चालकांना सांगितलं की चढावर दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे राहू नका. शर्यतीत पीटर डम्ब्रेक उडाला, आणि गाडी गिरक्या घेत झाडांत जाऊन पडली. तिघांचंही नशीब थोर, म्हणजे दोघांचं, वेबरचं दोनदा. कारण काय? पुढे दुसरी गाडी असली की तिच्यामागची हवा विस्कटलेली असते, पुढच्या बाजूचा दाब घटतो. त्यात चढाचा माथा आला की नाक किंचित वर जातं. सपाट, रुंद गाडीखाली हवा शिरते आणि मग उलट्या पंखाचा सरळ पंख होतो. उलार तांग्यात निदान घोडा पुढून धरून असतो.

भाच्याने ल मान्सचा व्हिडिओ बघितला आणि आईला दाखवला, हे मला नंतर कळलं. ताईचा फोन काय सांगू!

म्हणून मग ठरलं काय? टीमच्या मीटिंगमध्ये वाद झाला म्हणे. मागच्या विंगवर प्रायोजकांचे स्टिकर होते, फोटो छान येत होते. पण ज्याने गाडी चालवायची त्यानेच गणित फळ्यावर मांडलं आणि विंग उतरवला. दोन्ही नकोत, गाडी सहा-सात किलोने हलकी झाली ते झालं. माझ्या मते हा त्या टीमचा वर्षातला सगळ्यात चांगला इंजिनिअरिंगचा निर्णय होता, आणि त्याचा फोटो कुठेच येणार नाही.

मग पुढच्या विंगचा हिशोब सुरू झाला. तो पुढच्या अ‍ॅक्सलच्या साधारण ४६ सेंटिमीटर पुढे, म्हणजे ०.३ पट अंतरावर. ताशी ६० ला त्याचे २५ किलो धरले तर पुढच्या चाकांवर साडेबत्तीस येतात आणि मागून साडेसात उचलले जातात. मागच्या विंगशी बेरीज केली की पुढे साडेबावीस, मागे साडेसत्तावीस. म्हणजे ४५ : ५५. वजन ४७ : ५३. बाण सरळ! कागदावर तरी.

कागदावर म्हणतो, कारण पुढचा विंग जमिनीलगत असतो आणि जमीन जवळ असली की तो जास्त जोर करतो. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, विंग जमिनीच्या आणखी जवळ, दाब आणखी पुढे. नेमकं वळणात शिरताना, जेव्हा मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. फार खाली गेला तर हवा कोंडून दाब एकदम पडतोही. शिवाय पुढच्या विंगने ढवळलेली हवाच मागच्याला मिळते, त्यामुळे मागचे २५ हे २५ राहत नाहीत. थोडक्यात, मोजल्याशिवाय खरं नाही.

मोजायला विंड टनेल कुठून आणणार? इथे माझ्या पोटापाण्याच्या विद्येचा उपयोग झाला. चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर स्वस्त सेन्सर लावायचे, स्प्रिंग किती दबली ते मोजायचं. एका सरळ बंद रस्त्यावर ४०, ६०, ८० अशा ठरलेल्या वेगाने जायचं. स्प्रिंग किती भाराला किती दबते हे माहीत असतं, त्यावरून हवेचा भार काढायचा. अडचण अशी की ३० किलोला स्प्रिंग जेमतेम ५ मिलिमीटर दबते आणि आपल्या रस्त्यांचे खड्डे त्याहून मोठे. म्हणून प्रत्येक वेगाला दोन्ही दिशांनी फेऱ्या करायच्या, म्हणजे वारा आणि उतार एकमेकांना खोडतात, आणि हजारो नोंदींची सरासरी काढायची. ती काढणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. ऑफिसात लिहितो त्यापेक्षा त्यात जास्त जीव ओतला, हे मॅनेजरला सांगू नका.

चालकाला विचारायचा प्रश्नही ठरलेला आहे. गाडी सावकाश वळणावर त्रास देते की वेगवान? सावकाश वळणावर हवेचं काही चालत नाही, तिथला दोष स्प्रिंग, टायर, अँटी-रोल बारचा. सावकाश ठीक आणि वेगात शेपूट सुटतं, तर हवेची वाटणी फार पुढे आहे. वेगात नाक सरकतं, तर फार मागे. स्वभाव वेगाने बदलला की हवा, नाही बदलला की लोखंड.

आता मेळ्यातल्या त्या दोन घरांचं उत्तर राहिलं. आपल्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांनी चालतात, वळतात आणि मुख्यतः थांबतातही. समजा डिकीवरचा पंख खरोखर काम करतो आणि ताशी १०० ला २० किलो दाबतो. तो मागच्या चाकांच्या ६० सेंटिमीटर मागे असेल आणि चाकांत २.४ मीटर अंतर असेल, तर पुढून ५ किलो उचलले. हजार किलोच्या गाडीत ५ किलो म्हणजे काही नाही, त्याने अपघात होणार नाही. पण ज्याच्यासाठी पैसे देताय ते उलट्या टोकाला मिळतंय, एवढं खरं. आणि बाजारातले बहुतेक पंख हे नुसते दागिने असतात, त्यांचा दाब मोजण्याइतकाही नसतो. वाऱ्याला अडवून पेट्रोल मात्र खातात.

मागची बाजू हवेने उचलली जाते अशाही गाड्या असतात. पहिल्या ऑडी टीटीचे जर्मनीत अतिवेगात लेन बदलताना जीवघेणे अपघात झाले. कंपनीने १९९९-२००० मध्ये गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवला, ईएसपी दिलं, सस्पेन्शन बदललं. तिथे तो लागतच होता, आणि तो कंपनीच्या इंजिनिअरांनी मोजून बसवला. यमुना एक्सप्रेसवेवर मर्यादा १०० ची आहे. तेवढ्या वेगात तुमच्या गाडीला कंपनीने दिलंय ते पुरे. पैसे टायरवर घाला. चांगले टायर आणि बरोबर हवा, तीही पुढे-मागे कंपनीने सांगितलेली, हा समतोल पेट्रोल पंपावर फुकट मिळतो.

एफ-वनवाल्यांनीही शेवटी एक जुनं शहाणपण परत आणलंय. २०२६ पासून नवे नियम आले. सरळ रस्त्यावर आता एकटा मागचा विंग उघडत नाही, पुढचा आणि मागचा दोन्ही एकत्र चपटे होतात आणि वळणाआधी एकत्र उभे राहतात. समतोल जागच्या जागी. अमेरिकेत जिम हॉलने आपल्या चॅपरल २ई गाडीत हेच १९६६ मध्ये केलं होतं. पायाखाली एक पॅडल, ते दाबलं की मागचा उंच विंग आडवा होई आणि त्याच वेळी नाकातल्या हवेच्या वाटेचं झाकण बंद होई. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एका पायाने पुढची-मागची दोन्ही दारं. साठ वर्षं लागली.

भाच्याच्या पुढच्या विंगचा नवा साचा सध्या ताईच्या गच्चीवर वाळतो आहे. पापडांच्या शेजारी, आणि ताईने त्यावर जुनी नऊवारी पांघरली आहे, कबुतरांनी खराब करू नये म्हणून. दिवाळीनंतर दोन्ही विंग लावून पहिली चाचणी आहे. ४०, ६०, ८०. मी लॅपटॉप घेऊन कडेला उभा असेन, ताई बहुधा गाडीत डोळे मिटून बसेल. ४५ : ५५ येतात की नाही, ते आकडे हातात आले की पुढच्या अंकात कळवतो.